शिंपल्यातला वायू

माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं खाली पाठवलंय. खोटं नाही. बसले की माझा गुडघा हलतो, उभी राहिले की चप्पल वाजते. दूध तापत ठेवून मी तिथं उभी राहूच शकत नाही, मग ते उतू जातं आणि मी दुधावरच ओरडते. अशा बाईनं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणजे बघा. रसायनात निम्मं काम थांबण्याचंच असतं.

त्यातही माझा जीव काढणारा प्रयोग म्हणजे पाण्यावर वायू गोळा करून त्याचं आकारमान काढायचं. ऐकायला सोपं आहे. पाण्यानं काठोकाठ भरलेली मोजनळी पाण्याच्या भांड्यात उलटी उभी करायची आणि खालून वायू सोडायचा. बुडबुडे वर चढतात, पाणी खाली सरकतं. पोरांना वाटतं, आकडा वाचला की झालं. कसलं झालं! वायू आधी कोमट असतो, त्याला गार होऊ द्यायचं. मग नळी वरखाली करून आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी एक करायची, तेव्हा कुठे आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला म्हणायचं. आणि एवढं करूनही आत नुसता वायू नसतोच. पाण्याची वाफही असते, तिचा दाब तक्त्यात बघून वजा करायचा. मग गणित. तोवर माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आलेला असतो.

हे सगळं मी पहिल्यांदा शिकवलं ते एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे. बी.एस्सी. झाले आणि भाईंदरला थोरल्या भावाकडे आले. आम्ही मूळ रत्नागिरीचे. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहान शाळा होती, तिथं नोकरी लागली. कौलारू वर्ग, पुढे रस्ता, मागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत मिठागरं. दुपारी त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत, मिठाच्या ढिगांवरून उजेड डोळ्यांत खुपायचा. गोड्या पाण्याची मारामार. शाळेच्या आवारातली विहीर मचूळ, आणि फेब्रुवारी उलटला की तीही तळाला जायची. प्यायला रांजणभर पाणी यायचं, त्यातला एक पेला हात धुवायला वापरला तर शिपाई आठवडाभर बोलून दाखवायचा.

त्या शाळेत मुलींना आठवीनंतर शिवण आणि गृहशास्त्र. रसायन आणि पदार्थविज्ञान हवं असेल तर बोरिवलीला नाहीतर वसईला जा. आमच्या हेडसरांनी शिक्षणखात्याकडे ते विषय इथंच सुरू करायची परवानगी मागितली होती. खात्यानं कळवलं की साहेब येतील, प्रयोगशाळा बघतील, विद्यार्थ्यांकडून मोजमापाचा एक प्रयोग करून घेतील, मग ठरवतील. प्रयोगशाळा कुठली? गोष्टीतल्या राजवाड्यासारखी, ऐकायला होती, बघायला नव्हती. पडवीला एक खोली होती, तिच्यात मोडके बाक ठेवलेले. ते बाहेर काढून मी टेबल टाकलं, भावाच्या ओळखीनं तराजू मिळवला, काचसामान मिळवलं, आणि शिकवणारी म्हणून स्वतःला मिळवलं.

आता हे सगळं ज्या पोरीसाठी अडलं होतं तिच्याबद्दल सांगते. वर्गात सायन्स हवं म्हणणारी पोरं-पोरी आणखीही होत्या, पण त्यांचं कुठे ना कुठे भागलं असतं. हिचं भागणार नव्हतं. ही उत्तनजवळच्या तारोडी गावची. ख्रिश्चन घर, बाप होडीवर जायचा, आई भाजी लावायची आणि मासळी सुकवायची. पोरीला नर्स व्हायचं होतं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात सायन्स घेऊन पास झालेल्या मुलींना नर्सिंगला आधी घेतात, असं तिनं कुठून तरी पक्कं ऐकलं होतं. बापाचं म्हणणं एका वाक्यात संपायचं. या शाळेत काय शिकायचं ते शिक, आगगाडीनं बोरिवलीला पाठवणार न्हाय. म्हणजे परवानगी आली तर ही नववीत सायन्सला बसणार, आणि नाही आली तर तारोडीला परत जाऊन बोंबील उलटणार. हे तिला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, आणि मला तर रात्री झोप लागू नये इतकं माहीत होतं.

पोरगी माझ्या अगदी उलट. हातात घेतलेली काच तिच्याकडून कधी फुटली नाही. माझ्याकडून तीन नळ्या फुटल्यावर मी ठरवून टाकलं की साहेबांसमोर प्रयोग हीच करणार.

वायू कुठला गोळा करायचा? पुस्तकात ऑक्सिजन होता, पण त्याला लागणारं रसायन महाग आणि तापवायला बर्नर नाही. डोकं खाजवत बसले असताना ती म्हणाली की आमच्याकडे शिंपले हायत. उत्तनच्या किनाऱ्याला शिंपल्यांना काय तोटा! शिंपला म्हणजे चुनखडीच. त्यावर ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. वायूचं आकारमान मोजलं की शिंपल्यात चुनखडी किती ते गणितानं काढता येतं. मला इतका आनंद झाला की मी तिला त्याच दुपारी पिशवी भरून शिंपले आणायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच पिशवी भरून घेऊन आली. एस.टी.चा कंडक्टर म्हणे विचारत होता, मासळी काढून नुसत्या सालीच आणल्यास का.

शिंपले पाट्यावर कुटले. चुरा तोलून कागदाच्या पुडीत बांधायचा, वैद्य औषध देतो तशी पुडी. ती परीक्षानळीतल्या ॲसिडमध्ये टाकून पटकन बूच लावायचं. पुडी भिजून फुटेपर्यंत बूच घट्ट बसलेलं असतं, वायू वाया जात नाही. बुचातून वाकडी नळी निघते ती मोजनळीच्या तोंडाखाली. सगळं जमलं. राहिलं भांड्यातलं पाणी. एनॅमलचं मोठं तसराळं भरायला एवढं पाणी आणायचं कुठून? रांजणाला हात लावला असता तर शिपायानं नोकरी सोडली असती. पोरीनं कुंपणापलीकडे बोट दाखवलं. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात, मीठ धरायला आलेलं, दाट, किंचित लालसर पाणी उभं होतं. बादली बुडवली की भरली. पाणी ते पाणी, म्हटलं मी. पुस्तकात तरी 'पाणी' एवढंच छापलं होतं, कसलं ते कुठे छापलं होतं?

त्या पाण्यावर आम्ही महिनाभर सराव केला. थांबण्याचं काय करायचं हा माझा प्रश्न. घड्याळ एकच, हेडसरांच्या मनगटावर. मी एक स्तोत्र म्हणायला घेतलं, म्हणजे ते संपलं की नळी वाचायची. पण माझं स्तोत्र असं सुटायचं की वायू गार व्हायच्या आत फलश्रुती. आकडा दर वेळी वाढीव. मग पोरीनं तिची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, जपाची माळ ओढतात तसं, ओठांतल्या ओठांत, न अडखळता. तिची प्रार्थना संपेपर्यंत नळीतलं पाणी निमूट एका रेघेवर थांबलेलं असायचं. मग ती दोन्ही हातांनी नळी धरून हळूहळू वर घ्यायची, पातळी एक करायची आणि आकडा सांगायची. शंभर भाग शिंपल्यात पंच्याण्णव भाग चुनखडी. एखाददुसरा भाग इकडे तिकडे, पण रोज तेच. पुस्तकही जवळपास तेवढंच म्हणत होतं. मी टेबलाभोवती येरझारा घालायची आणि मनात म्हणायची, आता फक्त साहेब या, लवकर या, माझा जीव जायच्या आत या.

साहेब आले मार्चमध्ये, ऊन चढल्यावर. हेडसरांनी पालकांनाही बोलावलं होतं, गावाचा पाठिंबा दिसावा म्हणून. मी सकाळपासून प्रयोगखोली आणि ऑफिस यांच्यात अशा फेऱ्या मारत होते की हेडसर म्हणाले, बाई, एका जागी बसा, तुम्हाला बघून मला गरगरतंय. साहेब आल्यावर तासभर ऑफिसात कागदपत्रं झाली. पोरगी वर्गात, मी ऑफिसात, आणि प्रयोगखोली सताड उघडी.

साहेब उंच, वयस्कर, बारीक आवाजाचे. फार बोलायचे नाहीत, आणि न बोलणारा माणूस समोर असला की मला भयंकर बोलावंसं वाटतं. आम्ही खोलीत आलो. दाराशी पालक उभे होते, त्यात पोरीची आईही होती, धुतलेलं लुगडं, केसांत फूल. टेबलाखाली कोपऱ्यात एक पितळी हंडा, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला. मला वाटलं शिपायानं साहेबांसाठी ठेवला असेल. तसराळं घासून लख्ख केलेलं दिसलं. तेही मी शिपायाच्याच खात्यावर टाकलं, आणि मनात म्हटलं, आज सूर्य पश्चिमेला उगवला.

पोरीनं चुरा तोलला, पुडी बांधली. साहेबांनी तिची वही बघून विचारलं, हवेचा दाब सातशे साठ मिलिमीटर धरलास तो कशावरून, इथं दाबमापक तर दिसत नाही. पोरीनं शांतपणे खिडकीबाहेर बोट केलं आणि म्हणाली की समुद्र इथंच हाय, आणि पुस्तकातला आकडा समुद्राच्या पातळीचाच हाय. साहेब हसले नाहीत, पण त्यांची मान जराशी हलली. मला हायसं वाटलं.

पुडी पडली, बूच लागलं, बुडबुडे सुरू झाले. आणि पहिल्या काही क्षणांतच मला काहीतरी खटकायला लागलं. बुडबुडे खालून मोठे निघत होते आणि वर पोचेपर्यंत लहान होत होते. असं महिनाभरात कधी झालं नव्हतं. वायू सुटायचा थांबला तेव्हा नळीतलं पाणी नेहमीच्या रेघेपर्यंत उतरलंच नव्हतं. पोरगी ओठांत प्रार्थना म्हणू लागली. ती म्हणत होती आणि नळीतलं पाणी हळूहळू परत वर चढत होतं. वायू कमी होत होता, आमच्या डोळ्यांदेखत! मी बूच तपासलं, नळी तपासली, कुठे फट नाही. थांबावं तितकं वाईट. मला वाटलं, ओरडून सांगावं, बाई गं, राहू दे ती प्रार्थना, आत्ताच्या आत्ता आकडा वाच. पण तिला मीच शिकवलं होतं की थांबायचं. ती पूर्ण थांबली. तिनं पातळी एक केली, आकडा सांगितला, गणित केलं. शंभरात सत्तरसुद्धा भरले नाहीत.

हेडसरांनी रुमाल काढला. साहेब वाकून तसराळ्याकडे बघत होते. त्यांनी सहज विचारलं, पाणी कुठलं वापरता तुम्ही.

मी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला. "आमच्या तारोडीचं हाय, सायेब. डोंगराखालच्या विहिरीचं, गोडं. पाव्हन्यांपुडं खारं पानी कसं ठेवायचं?"

पोरीची आई. चेहरा नुसता फुललेला. सगळं माझ्या डोक्यात लख्ख झालं. या बाईनं पहाटे विहीर गाठली, हंडा भरला, एस.टी.त दोन पायांत धरून थेंब न सांडता आणला. खोलीत डोकावली तर टेबलावर मिठागराचं लालसर, मीठ चिकटलेलं पाणी. साहेबलोकांसमोर आपल्या पोरीनं असल्या पाण्यात हात घालायचा? तिनं ते ओतलं, राखेनं भांडं घासलं, आणि अर्ध्या हंड्यानं भरून ठेवलं. आमच्याकडे पाहुणा आला की घरातलं गोडं पाणी पुढे करायचं, स्वतः मचूळ प्यायचं, ही रीत होती. तिनं रीत पाळली होती. आणि गोड्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो हे मला, बी.एस्सी. झालेल्या बाईला, त्या क्षणी सोडावॉटरच्या बाटलीसारखं समोर दिसलं. मिठागराच्या दाट खाऱ्या पाण्यात तो फारसा विरघळत नाही, म्हणून आमचा महिनाभराचा आकडा बरोबर येत होता.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, असा राग आला की कानशिलं तापली. विचारायला काय झालं होतं हिला? पोरीचं अख्खं आयुष्य त्या तसराळ्यात होतं आणि ही त्यात विहीर ओतून मोकळी झाली होती. मी बोलणारच होते, तिथंच, सगळ्यांसमोर. शब्द दातांपर्यंत आले होते. तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पदराला जोरात ओढ बसली. पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, फक्त पदर मुठीत धरून ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट तिनं तसराळ्यात बुडवून जिभेला लावलं होतं. तिला कळलं होतं. माझ्याआधी कळलं असेल.

मग ती म्हणाली, "साहेब, आधी पाणी घ्या. लांबून आलाय."

तिनं हंडा टेबलावर घेतला, फडकं सोडलं, आणि उरलेलं पाणी पेल्यांत ओतून आधी साहेबांना दिलं, मग हेडसरांना, मग मला. साहेब प्याले. उन्हातून आले होते, तहान लागली असणार. पेला खाली ठेवून त्यांनी परत पुढे केला आणि म्हणाले की फार दिवसांनी असं पाणी प्यालो. दारात आईनं पदरानं तोंड पुसलं. मलाही ते पाणी प्यावं लागलं. गार होतं, आणि माझा राग गिळायला बरं पडलं.

हंडा रिकामा झाला. तसराळ्यातलं पाणी पोरीनं बाहेर नेऊन जास्वंदीला घातलं, कारण गोडं पाणी वाया घालवायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. मग साहेबांना म्हणाली की आकडा बरोबर आला नाही, मी परत करून दाखवते, पण पाणी दुसरं आणते. आणि तोच हंडा कमरेवर घेऊन ती कुंपणाच्या भोकातून पलीकडे गेली. खिडकीतून सगळ्यांना दिसत होतं. तिची आई बघत होती. आपला घासलेला पितळी हंडा मिठागरात बुडताना बघून तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवायचं ते तिला कळेना.

दुसऱ्या वेळी मी टेबलापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिले आणि दोन्ही हात मागे धरून ठेवले. बुडबुडे निघाले तेवढेच वर पोचले. पाणी नेहमीच्या रेघेवर उतरलं आणि थांबलं. प्रार्थना संपली, पातळी एक झाली, गणित झालं. पंच्याण्णवाला किंचित कमी.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, पण लिहिलं काहीच नाही. त्यांनी विचारलं, एकाच शिंपल्याची दोन उत्तरं कशी. इथं मी गप्प बसले, आयुष्यात पहिल्यांदाच असेल. पोरगी विचार करून म्हणाली, "हे पाणी मिठानं भरलेलं हाय. भरल्या एस.टी.त माणूस शिरत न्हाय, तसा वायू शिरत न्हाय. गोड्या पाण्यात जागा असते."

"आणि मग गोडं पाणी आणलंत कशाला?"

सरळ प्रश्न होता. उत्तरही सरळ होतं आणि ते दारात उभं होतं. पोरगी म्हणाली, "ते तुमच्या पिण्यासाठी होतं, साहेब."

साहेबांनी दाराकडे एकदा बघितलं. मग ते तिला सांगू लागले, हळू आवाजात, की तू वाफेचा दाब वजा केलास तो तक्त्यातला, म्हणजे गोड्या पाण्याचा. मिठाच्या पाण्यावर वाफ कमी असते, तेव्हा वजाही कमी करायचं, म्हणजे उत्तर थोडं वाढेल. तिनं विचारलं, किती कमी? ते म्हणाले, ते तुमच्या पुस्तकात नाही, मी कळवीन. आणि गेले. परवानगीबद्दल हो नाही, ना नाही. मी रस्त्यापर्यंत त्यांच्या मागे गेले, काहीतरी बोलतील या आशेनं. ते बोलले एवढंच, की ऊन फार आहे, तुम्ही आत जा.

परत आले तेव्हा खोलीत पोरीची आई एकटी होती. हंड्यावर मीठ वाळायला लागलं होतं, ती ते पदरानं पुसत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्या पान्यानं पोरीचं वाटोळं व्हनार व्हतं. व्हय ना, टीचर?"

तासापूर्वी मी तिला हेच ऐकवणार होते, याहून कडक शब्दांत. आता ती स्वतःच म्हणत होती. मी म्हटलं, साहेब दोन पेले प्याले. तिनं हंडा उचलला आणि पोरीला घेऊन एस.टी.ला गेली.

पुढचे महिने मी कसे काढले ते माझ्या वहिनीला विचारा. टपाल आलं का हे मी हेडसरांना इतक्या वेळा विचारलं की त्यांनी मला बघून वाट बदलायला सुरुवात केली. सुट्टीतही मी एक दिवसाआड शाळेवर जाऊन यायची, काही कारण नसताना. शिपाई म्हणायचा, बाई, टपाल आलं तर पळून नाही जाणार. तारोडीहून काहीच कळत नव्हतं. एकदा बाजारात कुणी सांगितलं की पोरगी आईबरोबर बोंबील वाळत घालते. ते तर सगळ्यांच्याच पोरी सुट्टीत घालतात, असं मी स्वतःला सांगितलं, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शिंपल्यांची उरलेली पिशवी प्रयोगखोलीत होती, ती मी उगीच कुटत बसायची.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात परवानगी आली. साहेबांनी सोबत वेगळ्या चिठोऱ्यावर मिठाच्या पाण्यावरच्या वाफेचे आकडे लिहून धाडले होते, तपमानाप्रमाणे, सुबक अक्षरात. मी ओरडले. हेडसर म्हणाले, बाई, वर्ग चालू नाहीत म्हणून ठीक आहे.

आणि नववीच्या सायन्सच्या पहिल्याच दिवशी मला घाम फुटला. प्रयोगखोलीच्या खिडकीतून बघते तर मिठागरं कुठे आहेत? पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता. सगळे वाफे एक होऊन नुसतं गढूळ तळं पसरलेलं, आणि ते पाणी चाखलं तर जवळजवळ गोडं. चार-पाच महिने आता ते दाट खारं पाणी मिळणार नव्हतं, आणि समुद्राचं त्या मानानं अगदीच फिकं. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. पोरं आत येऊन बसायला लागली तरी मी चिडून टेबलाभोवती फिरतच होते.

दारात पोरगी उभी होती, नववीची नवी वही छातीशी धरून, आणि तिच्या मागे तिची आई. आईच्या डोक्यावर मोठं मातीचं मडकं. तिनं ते हळूच टेबलाखाली ठेवलं. तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं बांधलेलं, वर पेला उपडा घातलेला, घरात प्यायचं पाणी झाकून ठेवतात अगदी तसं. मला वाटलं, पुन्हा गोडं पाणी. माझा चेहरा तिला दिसला असावा, कारण ती घाईनं म्हणाली, "गोडं न्हाय, टीचर. आगराचं हाय. पाऊस पडला की आगराचं पानी बिघडतं, म्हणून मे मदेच भरून ठेवलं व्हतं. अजून तीन मडकी घरी हायत."

मे महिन्यात परवानगी आलेली नव्हती. येईल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं. मी बाजारात ऐकलेल्या बातमीनं जेवण टाकून बसले होते, आणि ही बाई मिठागरातून खारं पाणी वाहून नेऊन घरात साठवत होती.

मी फडकं सोडलं, बोट बुडवलं, चाखलं. कडू लागेपर्यंत खारट.

"आता बरोबर येईल ना?" तिनं विचारलं.

येईल, म्हटलं मी, आणि फळ्याकडे तोंड करून तारीख लिहायला घेतली. बराच वेळ लिहीत होते. पहिल्याच दिवशी बाईंचे डोळे वर्गाला दिसू द्यायचे नव्हते.